शाबूत राहिलेला फ्यूज

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर वेलकर; आजचे सत्कारमूर्ती, आपल्या भिकोबा चाळीचे इतकी वर्षं चिटणीस राहिलेले श्रीयुत हेमचंद्र मानकर; त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती सुनंदावहिनी; खोताच्या वाडीतून अगत्याने आलेले पाहुणे; चाळ समितीचे सभासद; आणि पंखे बंद असूनही अजून जागेवर बसून राहिलेल्या माझ्या शेजारणींनो आणि शेजाऱ्यांनो,

पंखे मीच बंद केले आहेत. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर जातील.

मी कालिंदी प्रधान, दुसऱ्या मजल्यावर राहते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. आज मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी घरून रीतसर भाषण लिहून आणलं होतं. ‘दीपस्तंभासारखं व्यक्तिमत्त्व’ असंसुद्धा त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं. पण मघाशी अध्यक्षांचं प्रास्ताविक रंगात आलं असताना दिवे गेले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे काही पाहिलं नाही, अंधार होता. आणि त्या अंधारात पुढच्या रांगेतून एक आवाज आला, ‘अहो, जाड तार टाका की! मानकरसाहेबांच्या सत्काराला अंधार? शोभतं का हे?’

कोण बोललं ते मला कळलं आहे. नाव घेत नाही. पण ते वाक्य ऐकलं आणि माझं लिहिलेलं भाषण पिशवीतच राहिलं. मी पदर खोचला, या हॉलच्या मागच्या बोर्डापाशी गेले, लायनीवरचे दोन्ही पंखे आणि त्या दारावरच्या रंगीत माळा बंद केल्या, आणि फ्यूजमध्ये होती तेवढीच बारीक तार पुन्हा घातली. म्हणून तुम्ही घामाघूम आहात आणि म्हणून मी आता न लिहिलेलं बोलणार आहे. अध्यक्षमहाराज, वेळेची घंटा आपल्या हाताशी आहे हे मला दिसतंय. जरा दूर ठेवलीत तर बरं.

सत्काराला उभं राहिलं की आधी गुण गावेत. गाते. खोटं एक अक्षर बोलणार नाही. गिरगावात गोळीबार झाला त्या दिवसांत हेमचंद्र मानकर घरात बसून राहिले नाहीत. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी पोरांना खांद्यावर टाकून त्यांनी डॉक्टरांकडे पोचवलं; हे डॉक्टर इथेच अध्यक्षस्थानी आहेत, ते साक्ष देतील. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. परत आले तेव्हा अर्धे झाले होते, आणि सुनंदावहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळताना आम्ही सगळ्याजणी रडलो होतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, ते यांनी चढवलं. आता महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, त्यात या माणसाचा वाटा आहे. त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे.

मघाशी समितीच्या बाबुरावांनी मानपत्र वाचलं. त्यात एक ओळ होती, ‘ज्यांनी आमच्या चाळीचा दिवा कधी जाऊ दिला नाही.’ टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. का नाही वाजवल्या, तेवढंच सांगायला मी उभी आहे.

दिवा जाऊ द्यायचा असतो हो! तो जावा म्हणूनच तर फ्यूज असतो.

सातवीच्या मुलींना मी हे पाच मिनिटांत शिकवते. तुम्हाला दोन वर्षांत शिकवता आलं नाही, तेव्हा आज शेवटचा प्रयत्न करते. जिन्याखाली प्रत्येक मजल्याचा एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर चिनीमातीचे पांढरे फ्यूज आहेत. फ्यूजच्या आत एक बारीक तार. सगळी वीज त्या तारेतूनच पुढे जाते. भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून जी जाड वायर आपल्या खोल्यांत येते, तिला काही एक भार सोसतो. त्याहून जास्त ओढलात तर ती तापते. वरचं रबर वितळतं, कापड पेटतं, मग पट्टीचं लाकूड. ती वेळ येऊ नये म्हणून वाटेत ही बारीक तार मुद्दाम ठेवलेली असते. वायर तापायच्या आत ही वितळते, तुटते, दिवे जातात. दिवे गेले म्हणजे घर वाचलं. एवढीच विद्या आहे.

मागे मी शाळेच्या मुलींना परळच्या एका गिरणीत घेऊन गेले होते. तिथे कोंडीराम म्हणून विजेच्या खात्यातले एक मुकादम होते. त्यांनी एक मोठा थोरला स्विच दाखवला. भार जास्त झाला की तो आपोआप खटकन खाली पडतो, तार बदलायची भानगड नाही, पुन्हा वर केला की चालू. एका मुलीने विचारलं, ‘मग तो पडला की तुम्ही लगेच वर करता?’ कोंडीराम म्हणाले, ‘वर करशील तर नोकरी जाईल पोरी. आधी शोधायचं, पाडला कुणी.’ पुढेमागे असले स्विच आपल्या घरोघरी येतीलही. पण ते आले तरी आपण काय करणार, हे मला आजच ठाऊक आहे. पडू नये म्हणून त्याला सुतळीने बांधून ठेवू!

हसू नका. आपण तेच केलं.

सत्तावन्न सालच्या निवडणुकीची सभा आठवते? आपल्याच अंगणात होती. संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार, तुडुंब माणसं, दोन कर्णे, मोठाले दिवे. ‘मुंबई आमची’ म्हणून वक्त्याने आवाज चढवला आणि फ्यूज उडाला. पलीकडच्या गल्लीतून विरुद्ध पक्षाची पोरं ओरडली, ‘आधी दिवे सांभाळा, मग मुंबई!’ मानकरसाहेबांना ते फार लागलं. लागणारच, तुरुंगातून आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी तिन्ही मजल्यांच्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घातली. जाड म्हणजे किती, तर माझ्या विणकामाच्या सुईएवढी. आणि म्हणाले, ‘आता पुन्हा या चाळीत अंधार होणार नाही.’ आपण टाळ्या वाजवल्या. शेजारच्या चाळीतले लोक विचारायला आले, तुमचे दिवे कसे जात नाहीत हो? आपण मिशीला पीळ देऊन सांगितलं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरं नाही. मला उत्तर मिळालं, ‘बाई, तुमचा जीव नेहमीच टांगणीला.’

मग अठ्ठावन्नचे गणपती आले. मंडपाची जोडणी दुसऱ्या मजल्याच्या बोर्डावरून घेतली होती. त्या वर्षी हलता देखावा होता, त्याला मोटर, शिवाय दिव्यांच्या माळा, शिवाय कर्णे. ही सगळी वीज गॅलरीतल्या लाकडी पट्टीतून माझ्या शेजारच्या गुप्त्यांच्या दारापर्यंत यायची आणि तिथून खाली मंडपात उतरायची. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गुप्त्यांच्या खोलीत, जिथे पट्टी आत शिरते त्या माळ्यावर, गाद्यांनी पेट घेतला.

खोलीत कोण होतं? राधाकाकूंची सून नलू, तिची लहानगी कांता, आणि राधाकाकूंचे यजमान, अर्धांगाने पडलेले अप्पा गुप्ते. राधाकाकू देवळात गेल्या होत्या, नलूचा नवरा वीरेंद्र कचेरीत. नलू माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. हे स्थळ मीच काढलं होतं. शेजारी भाची येईल, म्हातारपणी मला सोबत होईल, असा माझा आप्पलपोटा विचार. नलूने कांताला उचलून गॅलरीत आणलं, शेजारच्या चंपाताईंच्या हातात दिलं आणि परत आत गेली. अप्पा देहाने भारी. त्यांच्या अंगावर माळ्यावरची पेटती गादी कोसळली होती. ती तिने नुसत्या हातांनी ओढून काढली. अप्पांना उंबऱ्यापर्यंत आणलं तेव्हा तिच्या हातांची कातडी... असो. अप्पा इस्पितळात गेले. धुराने गेले, असं डॉक्टर म्हणाले.

आणि या सगळ्या वेळात, आगीची बोंब ठोकेपर्यंत, मंडपातले दिवे छान चालू होते. मोटर फिरत होती. तुम्हाला आठवतंय?

मग याच हॉलमध्ये बैठक भरली. मानकरसाहेबांनी दुसऱ्या मजल्याचा फ्यूज काढून आणला होता. चार माणसांत तो वर धरला आणि म्हणाले, ‘पाहा, तार शाबूत आहे. विजेत दोष असता तर फ्यूज उडाला असता. तेव्हा विजेचा दोष नाही.’ सगळ्यांनी माना हलवल्या. काय ते तर्कशास्त्र! पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि म्हणायचं, तो ओरडला नाही, म्हणजे चोर आलाच नव्हता.

मग आग लागली कशाने? ‘खोलीत विजेची इस्त्री होती.’ इस्त्री कुणाची? ‘सुनेची. नोकरी करायची होती ना तिला, परीटघड्या लागत होत्या.’ झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. नलू हातांना पट्ट्या बांधून भिंतीशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, ‘मी इस्त्री सकाळीच केली होती. पिन काढली होती.’ तिचं कुणी ऐकलं नाही. मी उठून म्हटलं, अहो, तार शाबूत राहिली हाच दोष आहे! गॅलरीतली पट्टी उघडून बघा, बोर्डापासून गुप्त्यांच्या दारापर्यंत आतून कोळसा झाली आहे. खोलीतल्या इस्त्रीने बाहेरची पट्टी बोर्डापर्यंत जळते का? तर कुणीतरी म्हणालं, ‘बाई, शाळेतलं शाळेत. इथे मयत झालंय.’ दुसऱ्या दिवशी समितीने दुरुस्ती म्हणून ती पट्टी उतरवली आणि नवी लावून रंग दिला. रंग मात्र सुरेख दिला हो.

राधाकाकू, तुम्ही इथे बसल्या आहात. मी तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही. तुमचं कुंकू गेलं होतं. चिटणीस म्हणतात, चाळ म्हणते, की सुनेच्या हलगर्जीपणाने माणूस गेलं. तुम्ही काय करणार होता? तुम्ही नलूला वडाळ्याला माहेरी पाठवलंत. पोर ठेवून घेतलीत. वीरेंद्र चोरून वडाळ्याला जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुम्ही ठाऊक नसल्यासारखं करता, याबद्दल मी मनातून तुम्हाला दुवा देते. पण कांताला चाळीतल्या पोरांनी काय सांगितलंय? ‘तुझ्या आईने तुझ्या आजोबांना जाळलं.’ परवा ती माझ्या दारात येऊन मला विचारत होती, ‘मावशीआजी, खरंय का गं?’ पाच वर्षांचीसुद्धा नाही हो ती.

मी त्याच संध्याकाळी राधाकाकूंकडे गेले. पदर पसरला. त्या म्हणाल्या, आणि हे त्यांच्या तोंडचे शब्द आहेत, ‘कालिंदी, मानकरांनी चार माणसांत सांगितलं की इस्त्रीनं झालं. त्यांनी चार माणसांत सांगू दे की इस्त्रीनं नाही झालं. मी स्वतः वडाळ्याला जाऊन तिला घेऊन येते.’ बरोबर ना, काकू? मान हलवलीत. आभारी आहे.

मग मी मानकरसाहेबांकडे गेले. त्यांचं सामान बांधायचं चाललं होतं. दादरला नवा ब्लॉक घेतलाय, परवा ते जाणार. मी म्हटलं, एक वाक्य बोला. ते म्हणाले, ‘कालिंदीताई, आता जुनं कशाला उकरायचं? मी निघालोय. लोकांच्या मनात माझी चांगली आठवण राहू दे.’ सुनंदावहिनी, तुम्ही तेव्हा चहा घेऊन बाहेर आलात आणि तशाच आत गेलात. चहा काही मला मिळाला नाही.

मानकरसाहेबांना खरोखरच वाटत असेल का, की दोष तारेचा नव्हता? माणूस चुकतो, त्याला कळत नाही. मीही बरेच दिवस असंच समजत होते. पण मग एक गोष्ट घडली. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, फक्त तिचा विचार केला नाहीत. आगीनंतर दुसऱ्या मजल्याला विजेच्या ऑफिसाने नवा बोर्ड दिला, त्यात बारीक तार होती, ती गोष्ट निराळी. पण पहिल्या मजल्याचे दिवे का जाऊ लागले? तिथे कुणी नवा बोर्ड बसवला नव्हता. दिवाळीत गेले. मानकरांच्या घरी सत्यनारायण होता, आरतीच्या वेळी गेले. जाड तार होती तोवर एकदाही न गेलेले दिवे वरचेवर का हो जायला लागले?

पहिल्या मजल्यावर कोण राहतं? श्रीयुत हेमचंद्र मानकर राहतात.

बघा, आता पंखे नसूनही हॉल कसा गार झाला. त्यांनी आपल्या मजल्याची जाड तार काढली. गुपचूप काढली, बारीक घातली. आपली बायकापोरं जळू नयेत, यात काय चुकलं? काहीच नाही. शहाणपणच केलं. पण ज्याला तार निर्दोष वाटते तो ती बदलत नाही. आणि तिसऱ्या मजल्याची तशीच ठेवली! कारण ती बदलली असती तर लोकांनी विचारलं असतं, का बदलता? तिसऱ्या मजल्याची मी बदलली. स्टुलावर चढून, माझ्या हातांनी. त्या दिवसापासून तिथे दिवे जातात आणि तिसरा मजला मला जिन्यात गाठून बोल लावतो. लावा. खुशाल लावा. तुम्ही जिवंत आहात, म्हणून बोल लावायला मिळतंय.

साहेब, मला तुमची कीव येते आणि रागही येतो, आणि यातलं जास्त काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पोलिसांच्या बंदुकीपुढे तुम्ही उभे राहिलात. सत्याचा आग्रह धरला म्हणून बेड्या घालून घेतल्यात. आणि आपल्याच चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांपुढे ‘माझं चुकलं’ म्हणायला तुमची जीभ टाळ्याला चिकटते? सरकारपुढे खरं बोलणं सोपं असतं का हो? शेजाऱ्यांपुढेच कठीण?

घंटा वाजली. ऐकली. आवरते.

मघाशी दिवे गेले तेव्हाची एक गोष्ट तेवढी राहिली. अंधार झाला तशी पुढे बसलेली कांता घाबरून रडायला लागली. राधाकाकू चाचपडत होत्या, आणि पोरगी रडत रडत वाट फुटेल तिकडे धावली. मागच्या बाजूने कुणीतरी म्हटलं, ‘इकडे ये गं बाळ, इकडे.’ मी बोर्डापाशी, अगदी मागे होते. तार बसवली, खटका दाबला, दिवे आले. शेवटच्या रांगेत दाराशी नलू बसली आहे. मीच तिला आज बोलावलं. कांता तिच्या मांडीवर होती. गळ्याला मिठी मारून गप्प झाली होती. कुणाच्या मांडीवर आहोत, हे तिला माहीत नव्हतं. तुमच्या मानपत्रातला तो कधी न जाणारा दिवा आज गेला, म्हणून माझ्या नलूला तिची लेक तेवढा वेळ मिळाली.

राधाकाकूंनी तिला ओढलं नाही. येऊन हात धरला, घेऊन गेल्या. जाताना कांताने मोठ्याने विचारलं, ‘आजी, त्या बाईंचे हात असे का गं?’ आपण सगळ्यांनी ते ऐकलं. आणि आपण सगळे खुर्च्या सरकवायला लागलो.

असो. अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, समितीने विश्वासाने बोलावलं, तुम्ही उकाड्यात ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. शुभकार्यात मी नको ते बोलले असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला पदरात घ्या. बारीक तार मात्र मी काढणार नाही, तिची माफीही मागणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर सत्कारमूर्तींचं उत्तराचं भाषण आहे. मानकरसाहेब, आमच्या सगळ्यांच्या सत्काराला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. प्रश्न कांताने विचारलाय. ती पुढच्याच रांगेत बसली आहे. तिला उत्तर द्या.